वाचकांचे प्रश्न : टॉवरचा जुना जनरेटर आणि शेतघरातील बॅटऱ्या

प्रश्न : आमचे घर यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, गावापासून दूर, केळीच्या बागेत आहे. विहिरीवरच्या ५ अश्वशक्तीच्या पंपाला महावितरणची थ्री फेज जोडणी आहे, पण ती ठरावीक तासच चालते; घराला मात्र जोडणीच नाही. घरासाठी २ किलोवॅटचे सौर पॅनेल, ४८ व्होल्टचा इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) चार ट्युब्युलर, म्हणजे शिशाच्याच, बॅटऱ्या बसवल्या आहेत. एरवी काही तक्रार नाही, परंतु आषाढ-श्रावणात आभाळ चार-चार दिवस उघडत नाही आणि बॅटऱ्या तळाला जातात. भुसावळच्या एका भंगार व्यावसायिकाकडे मोबाइल टॉवरवरून उतरवलेला १५ केव्हीएचा, दोन सिलिंडरचा, हवेने थंड होणारा डिझेल जनरेटर स्वस्तात मिळतो आहे. तो घेऊन बॅटऱ्या चार्ज कराव्यात का? जनरेटर मोठा असल्याने बॅटऱ्या तासाभरात भरतील असे मुलाचे म्हणणे आहे.

उत्तर : आपल्या चिरंजीवांच्या म्हणण्यापासूनच सुरुवात करतो, कारण हा समज फार पसरलेला आहे आणि त्यापायी पुष्कळ डिझेल वाया जाते. बॅटरी किती प्रवाह घेणार, हे जनरेटर ठरवत नाही. ते बॅटरी आणि तिच्यापुढचा चार्जर ठरवतात. विहिरीवर कितीही मोठी मोटर बसवली, तरी ठिबकच्या तोटीतून ताशी ठरल्याइतकेच लिटर पाणी पडते, तसाच हा प्रकार आहे. १५० एएचच्या ट्युब्युलर बॅटरीला १५ अँपिअरचा प्रवाह मानवतो आणि फार तर २० ते २२ अँपिअरपर्यंत, बॅटरी हाताला गरम लागत नाही ना हे पाहत, नेता येतो. आपल्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असल्यामुळे प्रवाह तेवढाच राहतो आणि व्होल्टेज ५४ च्या आसपास धरले, तर २० अँपिअरला बॅटरीत जाणारी शक्ती जेमतेम १.१ किलोवॅट भरते. चार्जरमधील घट धरून जनरेटरवर सव्वा किलोवॅटचा भार पडतो. आपण घेऊ पाहता तो जनरेटर १५ केव्हीएचा आहे, ०.८ च्या पॉवर फॅक्टरने, म्हणजे केव्हीएतला ८० टक्के हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो असे धरून, तो १२ किलोवॅट देऊ शकतो. म्हणजे त्याच्या ताकदीचा दहावा हिस्साच वापरला जाईल.

एवढ्या हलक्या भारावर चाललेल्या डिझेल इंजिनाचे दोन तोटे होतात. पहिला खर्चाचा. अशा आकाराचे इंजिन काहीही भार नसताना, केवळ स्वतः फिरत राहण्यासाठी, तासाला लिटरभर डिझेल पिते. सव्वा किलोवॅटला ते सव्वा ते दीड लिटरच्या घरात जाते. अडीच तास चालवले, तर सव्वातीन-साडेतीन लिटर डिझेल, लिटरला ९० रुपये धरले तरी जवळपास ३०० रुपये लागतात. त्या अडीच तासांत बॅटरीत २.७ युनिट गेले आणि बॅटरी व इन्व्हर्टर यांतली घट वजा जाता घरातील दिव्या-पंख्यांपर्यंत दोन युनिट पोहोचले. दर युनिटला १५० रुपये! एवढी महाग वीज कोणत्याही ग्राहकाच्या बिलावर पाहायला मिळणार नाही.

दुसरा तोटा इंजिनाचा. भार नसताना सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, अर्धवट जळलेले तेल सायलेन्सरमधून काळ्या ओघळांच्या रूपाने टपकू लागते, सिलिंडरच्या लायनरच्या, म्हणजे अस्तराच्या, आतल्या पृष्ठभागाला चकाकी चढून पिस्टनच्या रिंगा पकड सोडतात आणि इंजिन ऑइल पिऊ लागते. डिझेल इंजिनाला किमान ३० टक्के आणि खरे तर ५० ते ७५ टक्के भार मिळाला, म्हणजे ते निरोगी राहते.

मग हा जनरेटर घेऊच नये का? केवळ बॅटऱ्यांसाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण आपल्याकडे ५ अश्वशक्तीचा थ्री फेज पंप आहे, आणि त्यामुळे हिशेब पालटतो. हा पंप चालताना साडेचार ते पाच किलोवॅट घेतो. त्याच वेळी चार्जर सुरू ठेवला, तर एकूण भार सहा किलोवॅटच्या आसपास, म्हणजे जनरेटरच्या निम्म्या ताकदीवर जातो. सुरू होतानाचा पंपाचा झटका सांभाळण्यासाठी अश्वशक्तीमागे दोन ते अडीच केव्हीए असा ठोकताळा आहे, त्यात १५ केव्हीए व्यवस्थित बसतो. डीपी जळाली किंवा पुरवठा दिवसेंदिवस आला नाही, की केळीला पाणी देण्यासाठी आपण जनरेटर लावणारच. त्या अडीच तासांत बॅटऱ्यांसाठी जास्तीचे डिझेल फार तर लिटरभर जळेल. त्या हिशेबाने घरातले युनिट ४५ रुपयांच्या आसपास पडते. महागच आहे, पण १५० रुपयांचे नाही. अर्थात, भर पावसाळ्यात केळीला पाण्याची गरज कमी असते आणि बॅटऱ्यांना नेमकी तेव्हाच जनरेटरची गरज असते, ही अडचण आपण जाणताच. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की जनरेटरच्या आधी पॅनेल वाढवण्याचा विचार करावा. ५०० वॅटचे आणखी दोन पॅनेल लावले, तर भरल्या आभाळातही दिवसाकाठी पाऊण ते एक युनिट जास्त मिळेल आणि आपली तूट बहुधा तेवढीच असेल. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधला चार्ज कंट्रोलर तेवढी भर झेलतो का, हे मात्र त्याच्या पाटीवर पाहून घ्यावे.

जनरेटर घेतलाच, तर तो केव्हा चालवावा, याला फार महत्त्व आहे. शिशाची बॅटरी ८० टक्के भरेपर्यंत दिला तेवढा प्रवाह निमूटपणे घेते. त्यानंतर व्होल्टेज वरच्या मर्यादेला, म्हणजे ४८ व्होल्टच्या संचाला ५७.६ च्या आसपास, टेकते आणि प्रवाह आपोआप घटत जातो. निम्म्यावर आलेली आपली बॅटरी २० अँपिअरने ८० टक्क्यांपर्यंत न्यायला अडीच तास पुरतात, पण उरलेले २० टक्के भरायला आणखी चार-पाच तास लागतात आणि त्या वेळात ती जेमतेम काही अँपिअर घेत असते. त्या चार-पाच तासांसाठी डिझेल जाळणे हा शुद्ध अपव्यय आहे. म्हणून जनरेटर संध्याकाळी नव्हे, सकाळी चालवावा. रात्रभराच्या वापराने बॅटरी रिकामी झालेली असते, ती मोठा प्रवाह घेते. आठ-साडेआठपर्यंत जनरेटर बंद करावा आणि पुढचे सावकाश भरणे पॅनेलवर सोडावे. ढगाळ दिवसाचा मलूल प्रकाश बॅटरी रिकामी असताना अपुरा पडतो, पण शेवटच्या टप्प्यात तिला जेवढा प्रवाह हवा असतो, तेवढा तो बहुधा देतो. संध्याकाळी दिवे लावताना इन्व्हर्टरची शिट्टी वाजली, की लोक घाईने जनरेटर ओढतात. तेव्हा चालवलेल्या जनरेटरच्या पाठीशी ऊन नसते, त्यामुळे बॅटरी रोज अर्धवट भरते आणि तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसत जातो. पंधरवड्यातून एकदा तरी बॅटरी पूर्ण भरली पाहिजे. उघडीप मिळालेल्या दिवशी घरातला वापर कमी ठेवून हे साधावे; तशी उघडीप आलीच नाही, तर त्या एका दिवशी जनरेटर जास्त वेळ चालवणे क्षम्य आहे.

बॅटरी भरली की नाही, हे इन्व्हर्टरच्या पडद्यावरील टक्क्यांवरून ठरवू नये, कारण ते आकडे बव्हंशी व्होल्टेजवरून केलेले अंदाज असतात. शंभर-दोनशे रुपयांचा हायड्रोमीटर घ्यावा. ट्युब्युलर बॅटरीच्या आम्लाची घनता पूर्ण भरल्यावर साधारण १.२४० असते, नेमका आकडा बॅटरीबरोबरच्या पत्रकात असतो. एखाद्या कप्प्याची (सेलची) घनता इतरांपेक्षा ०.०३० ने कमी दिसू लागली, तर समतोल साधणारा दीर्घ चार्ज देण्याची वेळ आली आहे, असे समजावे. आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घेऊन आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. वर दिलेला ५७.६ चा आकडा २५ अंश तापमानाचा आहे. बॅटरी तापली, की हा आकडा दर कप्प्यामागे, दर अंशामागे तीन ते पाच मिलिव्होल्टने खाली आणावा लागतो. मे महिन्यात खोलीतली बॅटरी ४० अंशांवर असेल, तर २४ कप्प्यांच्या संचाला सुमारे दीड व्होल्ट कमी, म्हणजे ५६ च्या किंचित वर थांबले पाहिजे. नाहीतर पाणी उकळल्यासारखे उडते आणि पट्ट्या गळतात. बॅटरीत विहिरीचे, बोअरचे किंवा घरच्या आरओचे पाणी कधीही घालू नये. डिस्टिल्ड पाणीच वापरावे.

आता जनरेटर आणि बॅटरी यांच्यामधल्या चार्जरविषयी. आपल्या इन्व्हर्टरला बाहेरच्या विजेची जोडणी असेल, तर त्याच्याच आतला चार्जर वापरता येतो. बऱ्याच इन्व्हर्टरांवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ अशी कळ असते. ती नॉर्मलवर ठेवावी, कारण यूपीएसच्या बाजूला तो १८० ते २६० व्होल्टच्या आतलीच वीज स्वीकारतो आणि जुन्या जनरेटरचे व्होल्टेज जरा हलले, की चार्जिंग तोडून टाकतो. पंप आधी सुरू करावा, इंजिनाचा आवाज स्थिर झाल्यावर मग चार्जरची कळ दाबावी. चार्जर एका फेजवर बसतो, आणि १५ केव्हीएच्या थ्री फेज जनरेटरच्या प्रत्येक फेजची मर्यादा सुमारे २१ अँपिअर असते. पंप आणि चार्जर मिळून ती ओलांडली जाण्याची शक्यता आपल्याकडे नाही, तरी घरातील मिक्सर, इस्त्री वगैरे त्याच फेजवर लादू नयेत. जुन्या धाटणीचे, नुसता ट्रान्सफॉर्मर आणि डायोड असलेले चार्जर विजेच्या लाटेच्या केवळ माथ्यावरून प्रवाह ओढतात. महावितरणच्या विजेवर ते खपते. थकलेल्या जनरेटरच्या लाटेचा माथाच चपटा झाला, तर तोच चार्जर २० ऐवजी १० अँपिअरच देतो आणि दोष बॅटरीवर येतो.

टॉवरच्या भंगारात जनरेटरच्या शेजारीच बहुधा ४८ व्होल्टचे रेक्टिफायरही (एसी विजेची डीसी करून बॅटरी भरणारे संच) पडलेले असतात, आणि ते पाहून कोणालाही मोह होईल. ते उत्तम प्रतीचे असतात, जनरेटरवर सुरळीत चालतात, परंतु त्यांच्याबाबत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. त्यांचे व्होल्टेज कारखान्यातून ५४ च्या आसपास बसवलेले असते. एकेक खण ५० अँपिअरपर्यंत प्रवाह देऊ शकतो, जो आपल्या १५० एएचच्या बॅटरीला घातक आहे. आणि टॉवरवर धन टोक जमिनीला जोडण्याची पद्धत आहे, जी घरच्या संचात तशीच आणता येत नाही. व्होल्टेज आणि प्रवाह यांची मर्यादा ठरवणारे नियंत्रक सोबत मिळत असेल आणि ते जाणणारा तंत्रज्ञ हाताशी असेल, तरच रेक्टिफायर घ्यावा.

खरेदीपूर्वी जनरेटर थंड असताना स्वतः समोर उभे राहून सुरू करून घ्यावा; आपण पोहोचण्याआधीच इंजिन तापवून ठेवलेले असेल, तर परत फिरावे. तासांच्या मीटरवर विसंबू नये, कारण टॉवरवरच्या यंत्रांनी हजारो तास घालवलेले असतात आणि मीटर बदलणे सोपे असते. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण उघडून पाहावे. तिथून धुराचे भपकारे येत असतील, तर रिंगा गेल्या आहेत. रिकाम्या इंजिनाची चाचणी निरर्थक असते, म्हणून पाणी तापवायचे हीटर तिन्ही फेजवर सारखे लावून तासभर भाराखाली चालवून घ्यावे आणि मल्टिमीटरने व्होल्टेजबरोबर फ्रिक्वेन्सीही पाहावी. भार नसताना ५२ आणि भारावर ५० हर्ट्झ, ही चांगल्या गव्हर्नरची, म्हणजे इंजिनाचा वेग राखणाऱ्या भागाची, खूण आहे. अल्टरनेटरच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) गुंडाळीची ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, तपासणी करून रोध एक मेगओहमहून अधिक आहे, हे पाहावे. पावसात उघड्यावर पडलेल्या यंत्रात तो हमखास कमी भरतो, पण गुंडाळी वाळवल्यावर पुष्कळदा सुधारतो. इंजिन छान फिरते आणि वीजच येत नाही, असे आढळले, तर अल्टरनेटर जळलाच असे नाही. दीर्घकाळ बंद राहिल्याने त्याच्या लोखंडातले शिल्लक चुंबकत्व गेलेले असते, आणि जाणकार वायरमन १२ व्होल्टच्या बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन ते परत आणतो. दराची घासाघीस करताना ही माहिती उपयोगी पडते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या पंखांमध्ये आपल्याकडची धूळ आणि शेजारच्या शेतातील कपाशीचे तंतू अडकून बसतात. ते दर आठवड्याला हवेच्या झोताने साफ केले नाहीत, तर वैशाखात इंजिन जाम होते.

शेवटी सर्वांत गंभीर बाब. पंपाला महावितरणची जोडणी आहे आणि त्याच पंपाला आपण जनरेटर लावणार आहात, तेव्हा मध्ये चार पोलचा चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी एकाच बाजूची वीज जोडणारा स्विच, असलाच पाहिजे. फ्यूज काढून ठेवला, मेन पाडला, असल्या व्यवस्थेवर विसंबणे गुन्ह्यासारखे आहे. जनरेटरची वीज चुकून तारेवर गेली, तर डीपीतला ट्रान्सफॉर्मर ती उलट्या दिशेने वाढवून ११,००० व्होल्ट करतो, आणि लाइन बंद आहे या भरवशावर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जातो. त्याचबरोबर जनरेटरच्या सांगाड्याला आणि न्यूट्रलला स्वतंत्र अर्थिंग द्यावे. टॉवरवरून यंत्र उतरवताना अर्थिंगच्या पट्ट्या तिथेच राहिलेल्या असतात, आणि न्यूट्रल जमिनीला जोडलेला नसेल, तर घरात बसवलेला आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) गळती झाली तरी पडत नाही.

प्रश्न : वडिलांच्या काळातले, विहिरीवरचे ६ अश्वशक्तीचे, मोठ्या चाकांचे ऑइल इंजिन आमच्या साक्री तालुक्यातील शेतात पडून आहे. ते अजून चालते. त्याला ट्रकचा अल्टरनेटर पट्ट्याने जोडून बॅटऱ्या थेट चार्ज करता येतील का? जनरेटर, चार्जर असा द्राविडी प्राणायाम कशाला?

उत्तर : आपले इंजिन बहुधा मूळच्या इंग्लंडमधील लिस्टर कंपनीच्या १९३० च्या सुमाराच्या घडणीवर राजकोटमध्ये तयार झालेले, मिनिटाला ६५० फेरे घेणारे असावे. अशी इंजिने बेताची ऑइल-पाण्याची निगा राखली, तर पिढ्यान्‌पिढ्या चालतात, आणि त्यांना मोडीत काढू नये असे मला मनापासून वाटते.

थेट चार्जिंगची आपली कल्पना चुकीची नाही. छोट्या संचासाठी ती चालते. ट्रकचा अल्टरनेटर २४ व्होल्टच्या संचाचा असतो आणि त्याचा अंगचा रेग्युलेटर २८ व्होल्टच्या आसपास थांबतो. घरची बॅटरी २४ व्होल्टची असेल, तर ८० टक्क्यांपर्यंतचे काम तो पार पाडतो. मात्र त्याला मिनिटाला चार हजारांच्या आसपास फेरे लागतात, म्हणजे आपल्या इंजिनाच्या सहापट. दिलेल्या शक्तीपैकी निम्म्याच्या आसपासच वीज होऊन बाहेर पडते. आणि तो पूर्ण प्रवाहावर तासन्‌तास चालण्यासाठी घडवलेला नसल्याने तापतो. चालू असताना बॅटरीची तार निघाली किंवा मधला स्विच कोणी बंद केला, तर क्षणात व्होल्टेज उसळून त्याचे डायोड फुटतात, हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे लागेल. ४८ व्होल्टच्या संचाला हा मार्ग नाहीच.

आपण ज्याला द्राविडी प्राणायाम म्हणता, तोच या इंजिनाला अधिक शोभतो. बाजारात १५०० फेऱ्यांचा सुटा सिंगल फेज अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडे सरसकट डायनामो म्हणतात, नवा-जुना दोन्ही मिळतो. दोन अश्वशक्तीला एक किलोवॅट या हिशेबाने ६ अश्वशक्तीवर ३ किलोवॅट सलग निघतात. त्यावर चार्जर, वर लहानशी मोटर किंवा चक्की असा भार छान बसतो. इंजिनाचे चाक २४ इंची असेल, तर डायनामोची पुली १० इंचांची घ्यावी. पट्टा थोडा घसरतो ते धरून फ्रिक्वेन्सी ५० च्या जवळपास येते. पट्ट्याला जाळीचे आवरण मात्र आधी करून घ्यावे. धोतर, साडीचा पदर आणि उपरणे यांना अशा पट्ट्याने किती घरांत गिळले आहे, हे जुन्या मंडळींना विचारावे.

प्रश्न : शिरपूरजवळच्या शेतघरात शिशाच्या बॅटऱ्या काढून ५१.२ व्होल्ट, १०० एएचची लिथियम बॅटरी बसवण्याचा विचार आहे. जनरेटरवर ती चालेल का?

उत्तर : जनरेटरच्या दृष्टीने लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरीच अधिक सोयीची आहे. तिला शेवटचा तो रेंगाळणारा टप्पा जवळजवळ नसतो. १०० एएचची बॅटरी ५० अँपिअर प्रवाह सहज घेते, म्हणजे अडीच किलोवॅटचा भार जनरेटरला मिळतो आणि ५ केव्हीएचा लहान जनरेटर निम्म्याहून अधिक ताकदीवर चालून दीड-दोन तासांत काम संपवतो. अर्धवट भरलेली राहिली म्हणून ती बिघडत नाही, त्यामुळे दररोज पूर्ण भरण्याचा आग्रहही धरावा लागत नाही. चार्जरवर लिथियमची निवड केलेली असावी आणि शिशाच्या बॅटरीचा समतोल चार्ज बंद असावा. बॅटरीतील नियंत्रक मर्यादा ओलांडताच चार्जिंग एकदम तोडतो, म्हणून ट्रकच्या अल्टरनेटरने ती थेट चार्ज करण्याचा विचार मनातही आणू नये. कारण वर सांगितलेच आहे. आपल्याकडे खरी अडचण उष्णतेची. चार्जिंगसाठी बहुतेक उत्पादकांची मर्यादा ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान असते आणि मे महिन्यातल्या पत्र्याच्या खोलीत दुपारी तेवढे तापमान भरते. बॅटरी मातीच्या किंवा विटांच्या भिंतीच्या, उत्तरेकडच्या खोलीत ठेवावी.

प्रश्न : जनरेटर आणि बॅटऱ्या एकाच खोलीत ठेवल्या तर तार वाचते. पावसामुळे दारही लावून घेता येते. चालेल ना?

उत्तर : चालणार नाही. चार्ज होणाऱ्या शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि जनरेटरच्या स्टार्टरला, डायनामोच्या ब्रशला ठिणग्या पडतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नाही आणि रंग नाही. दार लावलेल्या खोलीत किंवा घराला लागून असलेल्या पडवीत तो झोपलेल्या माणसांना जागे होण्याची संधी देत नाही. जनरेटर घरापासून वेगळ्या, तीन बाजूंनी उघड्या छपराखाली, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून ठेवावा. आपल्याकडे पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून वाहतो, तेव्हा छप्पर घराच्या पूर्वेला असलेले बरे. तारेची लांबी वाढली, तरी ती २३० व्होल्टच्या बाजूला वाढवावी. तिथे घट नगण्य असते. चार्जर आणि बॅटरी यांच्यामधली ४८ व्होल्टची तार मात्र जाड आणि आखूड हवी, आणि बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज हवा.

प्रश्न : सरकारी लिलावात लष्करी वापरातले जनरेटर फार स्वस्त निघतात, असे ऐकतो. ते घरच्या बॅटरीसाठी घ्यावेत का?

उत्तर : सरकारी खात्यांचा निकामी माल केंद्र सरकारच्या एमएसटीसी या कंपनीमार्फत ऑनलाइन लिलावात निघतो आणि तो ‘जसा आहे, जिथे आहे’ या अटीवर विकला जातो, बोली लावण्यापूर्वी ठरलेल्या दिवशी माल पाहण्याची मुभा असते, ती सोडू नये. पाटी वाचणे तिथे सर्वांत महत्त्वाचे ठरते. लष्करी आणि विमानतळावरील संचांपैकी काही ४०० हर्ट्झची वीज देतात. असा संच कितीही नवा दिसला, तरी घरच्या पंख्याला, पंपाला आणि साध्या चार्जरला तो निरुपयोगी आहे. काही संच २८ व्होल्टची डीसी वीज देतात. २४ व्होल्टची बॅटरी असणाऱ्याला त्यांचा थेट उपयोग होतो, मात्र ८० टक्क्यांवर आल्यावर संच हाताने बंद करण्याची शिस्त पाळावी लागते. ज्या यंत्राचे फिल्टर, नोझल आणि रेग्युलेटर जळगाव किंवा धुळ्याच्या दुकानात मिळत नाहीत, त्याच्यावर बोली लावू नये.